रात्री भिजवलेले कॉफी ओट्स कडू आणि चिकट का होतात

साताऱ्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. एमआयडीसीत पहिली पाळी, सहाला घर सोडावं लागतं. आई त्याच्यासाठी पाचला उठून पोहे नाहीतर उपीट करते, ते त्याला बघवत नाही. म्हणून रात्रीच ओट्स भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळची कॉफीही त्यातच उरकायची, असं त्याने ठरवलं. चार वेळा करून बघितलं. दोनदा कडूजहर झालं, एकदा खळीसारखं चिकट आणि एकदा दुधाऐवजी दही घातलं तर वर पाणी नि तळाला लगदा. त्यात आईचं म्हणणं, रात्रीचं सकाळी म्हणजे शिळंच. त्याने विचारलंय, "प्रमाण नक्की काय घेऊ?" केलं कसं तेही लिहिलंय, हे फार बरं केलं: तीन मिनिटांत शिजणारे ओट्स अर्धी वाटी, म्हशीचं दूध एक वाटी, वरून दोन चमचे कॉफी पावडर, ढवळलं आणि झाकण लावलं.

मी सांगलीत विश्रामबागला नाश्त्याचे डबे देते, अकरा वर्षं झाली. पोहे, उपीट, थालीपीठ पहिल्यापासून आहेच. ओट्सच्या बरण्या सहा वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी मागितल्या म्हणून सुरू केल्या. आता रोज तीसेक बरण्या जातात आणि निम्म्याहून जास्त कॉफीच्याच. पोरांच्या जोडीला मिरजेला पहिल्या ड्युटीला जाणाऱ्या नर्स आहेत, सकाळी क्लासला पळणारे शिक्षक आहेत. तुम्ही लिहिलेले चारही प्रकार माझ्या हातून झालेले आहेत, आणि ते कशाने होतात हे शोधायला मला जवळजवळ एक उन्हाळा लागला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुमची अडचण प्रमाणाची नाहीये. प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तर ओट्स घट्ट होतात नाहीतर पातळ, कडू होत नाहीत. ओट्स ज्यात भिजतात त्याचीच चव आत घेतात, आणि एकदा घेतली की सकाळी वरून काही घालून ती बदलत नाही. सकाळी साखर भुरभुरली तर साखर वेगळी लागते आणि कडू ओट्स वेगळे लागतात. तेव्हा ओट्स घालायच्या आधी ते दूध-कॉफी चवीला पुरतं तयार झालेलं हवं. मी रोज रात्री पातेल्यातली कॉफी चमच्याने चाखते आणि मगच बरण्यांत ओतते. गार कॉफी म्हणून ती प्यायला आवडली पाहिजे, आणि नेहमीपेक्षा थोडी जास्त कडक नि थोडी जास्त गोड लागली पाहिजे. कडक अशासाठी, की ओट्सची स्वतःची पिठूळ चव तिच्यात मिसळते. गोड कशासाठी ते विरघळलेली कुल्फी कधी चाखली असेल तर लगेच कळेल. गोठलेली असताना बेताची गोड वाटते, तीच पातळ झाली की गोडमिट्ट लागते, कारण थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. रात्री कोमट असताना बरोबर वाटणारी गोडी सकाळी फ्रिजमधून काढल्यावर कमी पडते.

आता कॉफी. गार दुधावर कोरडी पावडर टाकून ढवळली की ती पूर्ण विरघळत नाही. बारीक गुठळ्या राहतात, त्या ओट्सला चिकटून बसतात, आणि सकाळी घासात आली की तेवढा घास जहर. तुमचं दोनदा कडू झालं त्याचं बहुतेक हेच कारण. इन्स्टंट पावडर वापरत असाल तर एका बरणीला सपाट दीड छोटा चमचा पावडर घ्या, तीत दोन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि चमच्याने घोटून तिचा गडद, एकसारखा अर्क करा. पाणी खळखळ उकळतं नको, उकळून मिनिटभर बाजूला ठेवलेलं असावं. वाटी तिरकी करून बघा, कडेला कण दिसता कामा नयेत. यात चिमूटभर मीठ घाला. शिऱ्यात घालतो तेवढंच, खारट लागण्याइतकं नाही. मिठाने कडूपणा दबतो. साखर वाढवत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा.

पाकीट कुठलं घेता यावरही अवलंबून आहे. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच कॉफी पावडरींमध्ये चिकोरी मिसळलेली असते, आणि किती टक्के ते पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं, पण रंग गडद येतो, दाटपणा येतो आणि एक जळक्या साखरेसारखी कडसर चव येते. गरम दुधात ती छान लागते. गार ओट्समध्ये मात्र मला ती मागाहून घशाशी रेंगाळल्यासारखी वाटते. सगळ्यांना तसं वाटेल असं नाही. माझ्याकडे एक मूळच्या बेळगावच्या बाई येतात, त्यांना चिकोरीशिवाय कॉफी ही कॉफीच वाटत नाही, त्यांची बरणी मी वेगळी करते. तुम्हाला कडूपणाचाच त्रास असेल तर निव्वळ कॉफीचं पाकीट आणा आणि पावडर जरा कमी घ्या.

घरात पितळेचा नाहीतर स्टीलचा फिल्टर असेल तर उत्तम. मिरजेत कितीतरी कानडी घरांत तो असतो, माझाही तिथूनच आलेला आहे. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड दाबून भरायची, अर्धा पेला उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवून विसरून जायचं. वीस मिनिटांत खाली डिकॉक्शन उतरतं. पहिल्या धारेचं दोन-अडीच मोठे चमचे एका बरणीला पुरतं. याला जो वास आहे तो इन्स्टंटला नाही, आणि ओट्समध्ये तो सकाळपर्यंत टिकतो. पण पाळीवरून थकून आलेल्या माणसाने रोज फिल्टर लावावा असं मी म्हणणार नाही. इन्स्टंटनेही चांगले होतात.

कडूपणा कॉफीचाच आहे असंही धरून चालू नका. एकदा ओट्सचं पाकीट उघडून चिमूटभर कोरडे ओट्स चावून बघा. ओट्समध्ये तेलाचा अंश गहू-तांदळापेक्षा बराच जास्त असतो, आणि पाकीट उघडं राहिलं, उन्हाळा लागला, की ते खवट होतात. जुन्या शेंगदाण्याच्या कुटासारखा वास येतो आणि चव कडवट लागते. कारखान्यात ओट्सना उष्णता देतात ती याच्यासाठीही, कारण दाण्यातलाच एक घटक त्या तेलाला खवट करतो आणि उष्णतेने तो निकामी होतो. तरी उघड्या पाकिटाला हवा लागायची ती लागतेच. मी घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवते आणि महिन्याभरात संपेल एवढंच आणते.

चिकटपणाचं मूळ तुमच्या 'तीन मिनिटांत शिजणारे' या शब्दांत आहे. ओट्सच्या दाण्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पाण्यात सुटला की बुळबुळीत, दाट होतो. कोलेस्टेरॉलसाठी ओट्स चांगले म्हणतात ते त्याच्याचमुळे, तेव्हा तो शत्रू नाही. पण दाणा जितका पातळ दाबलेला आणि बारीक तुटलेला, तितका हा तंतू लवकर आणि जास्त सुटतो. झटपट शिजणारे ओट्स म्हणजे पातळ दाबून बारीक केलेले, रात्रभर भिजले की त्यांची खळ होणारच. शिवाय तुम्ही ढवळलंत. जितकं ढवळाल तितकं चिकट. साबुदाण्याची खिचडी उलथन्याने फार हलवली की गोळा होतो, तसंच.

रात्रभर भिजवायला जाड, अख्खे चपटे ओट्स हवेत. पाकिटावर 'रोल्ड ओट्स' असं लिहिलेलं असतं. साताऱ्यात मोठ्या दुकानांत मिळतील, नाही मिळाले तर मागवून घ्या. एक तिसरा प्रकार असतो, दाणा नुसता कापलेला, दलियासारखा दिसणारा. तो गार दुधात रात्रभर ठेवूनही दाताखाली कचकच लागतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि मसाल्याची पाकिटं यासाठी नाहीत हे सांगायला नको. घरात तीन मिनिटांवालेच असतील आणि टाकवत नसतील, तर ते रात्री भिजवू नका. कॉफीचं दूध तेवढं रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, पहाटे उठल्या उठल्या त्यात ओट्स घाला, आंघोळ आवरून येईपर्यंत ते बेताचे मऊ होतात.

आता आईंचं शिळ्याचं. त्यांची शंका अगदी रास्त आहे, ती धुडकावून लावू नका. शिजवलेलं अन्न रात्रभर बाहेर राहिलं तर ते शिळंच, आणि आपल्या हवेत ते पोटाला बाधतंच. पण ओट्स इथे शिजवून ठेवलेले नाहीत, भिजवलेले आहेत. त्यांना पोह्यांचं उदाहरण द्या. भात, म्हणजे सालासकटची साळ, भिजवून, त्याला उष्णता देऊन, दाबून चपटा केला की पोहे होतात. म्हणूनच दहीपोहे चुलीशिवाय खाता येतात, कच्चे तांदूळ खाता येत नाहीत. ओट्सचंही तसंच, वाफवून रुळांखाली चपटे केलेले असतात. ओट्स म्हणजे ओट्स या धान्याचे पोहे. माझ्या सासूबाई पहिले काही दिवस बरणीकडे बघायच्यासुद्धा नाहीत, पण "आत्याबाई, हे दूधपोहेच आहेत, फक्त रात्री कालवलेत" म्हटल्यावर त्यांनी चमचा हातात घेतला. त्या बिनकॉफीचे खातात, वेलची घालून.

ही काही मोबाईलवर निघालेली नवी टूमही नाही. झुरिकमध्ये मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर म्हणून एक डॉक्टर होते. त्यांनी १९००च्या सुमारास आपल्या रुग्णांना रात्री भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस आणि आटीव दूध असं द्यायला सुरुवात केली. आज म्यूसली म्हणतात ती तिथून आली. त्या मूळ प्रकारात ओट्स अगदी थोडे, चमचाभर असायचे आणि सफरचंदच जास्त. आईंना हेही सांगून बघा, डॉक्टरचं नाव निघालं की आपल्याकडे ऐकतात.

दुधाविषयी. तुमच्याकडे म्हशीचं दूध येतं, तसं माझ्याकडेही येतं. सातारा-सांगलीत घरोघरी तेच. चहाला त्याच्यासारखं दूध नाही. पण गार झालं की त्यातलं लोणी घट्ट होतं, जिभेवर आणि टाळ्यावर थर बसल्यासारखा वाटतो आणि कॉफीची चव त्याखाली दबते. मग माणूस पावडर वाढवतो आणि पुन्हा कडू होतं. म्हशीचंच वापरायचं तर तापवून पूर्ण गार करा, साय काढून घ्या आणि चार वाट्या दुधाला एक वाटी तापवून गार केलेलं पाणी घाला. गाईचं असेल तर तसंच चालेल. आणि दूध त्याच दिवशीचं हवं. कॉफी थोडी आंबट गुणाची असते, आदल्या दिवशीचं उतरणीला लागलेलं दूध तिच्याने फुटतं आणि बरणीत दाणे दाणे दिसतात.

दही घातलं तेव्हा वर पाणी आलं, कारण घरच्या दह्याला पाणी सुटतंच. ओट्स दुधातून जसं पाणी ओढून घेतात तसं दाट दह्यातून पटकन घेत नाहीत, ते वरच तरंगत राहतं. दही नकोच असं मात्र नाही. थोडं दही घातल्याने बरणीला जो दाटपणा आणि किंचित आंबूसपणा येतो तो मला फार आवडतो. पण ते श्रीखंडाला बांधतो तसं फडक्यात तासभर टांगून, पाणी निथळून घ्यायचं. पुरता चक्का नको, त्याच्या अलीकडे थांबायचं. दही ताजं, गोड असावं. आंबट दही आणि कॉफी हे दोन्ही एका बरणीत नांदत नाहीत.

म्हणजे एका माणसाचं असं होतं. जाड ओट्स ४० ग्रॅम, माझ्या १५० मिलीच्या स्टीलच्या वाटीने पाऊण वाटीला थोडे कमी. ज्या मापाने ओट्स घेतले त्याच मापाने दूध. दोन मोठे चमचे कॉफीचा अर्क आणि दोन मोठे चमचे टांगलेलं दही. आधी अर्कात गूळ किंवा साखर विरघळवायची, गार करायचं, मग त्यात दूध, मग दही फेटून. चाखायचं. चव बसली की ओट्स घालायचे, चमच्याने तीन-चार वेळा खालीवर करायचे, सगळे बुडालेत एवढं बघायचं आणि हात आवरायचा. दहा मिनिटांनी एकदा खालून वर करून झाकण लावायचं. या दुसऱ्यांदा हलवण्याला महत्त्व आहे, पहिल्या दहा मिनिटांत ओट्स तळाला बसतात आणि तिथे गठ्ठा होतो. सहा तास कमीत कमी, आठ तास झाले तर झकास. सकाळी घट्ट वाटले तर चमचाभर दूध घालून सैल करा. पातळ झाले तर दुसऱ्या दिवशी दूध दोन चमचे कमी.

गोडाला काय, यात मी जरा हट्टी आहे. साखरेने काम होतं, पण कॉफीची खरी जोडी गुळाशी आहे. आपण या पट्ट्यात राहतो, गूळ आपल्याला दुकानातून शोधावा लागत नाही. अडचण एकच, गूळ थोडा आंबट असतो आणि गरम दुधात घातला तर दूध नासतं. म्हणून तो कॉफीच्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून मगच दुधात. आणि काकवी मिळाली तर मग विचारूच नका. गुऱ्हाळं चालू असतात त्या दिवसांत मी कराडकडून येणाऱ्या एका ओळखीच्यांकडून वर्षाची काकवी भरून ठेवते. ती पातळ असल्याने गार दुधातही मिसळते, आणि कॉफीशी तिचा असा मेळ बसतो की लोक विचारतात, यात चॉकलेट घातलंय का. एका बरणीला दोन छोटे चमचे. मधुमेह असणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, गूळ काय नि काकवी काय, शेवटी साखरच आहे. त्यांच्या बरणीत गोड जवळजवळ नसतं.

आणि जायफळ. आपल्याकडे पूर्वी लग्नकार्यात रात्री जी कॉफी मिळायची तिला जायफळाचा वास असायचाच. माझ्या आजोळी, वाईला, पातेलंभर कॉफी उकळताना आजी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे द्यायची आणि ओली बोटं पातेल्यात झटकायची. तेवढंच. बरणीत मी तेच करते. सहाणेवर दुधाच्या थेंबात दोन वेढे, ते गंध चमच्याने निपटून अर्कात. पूड घातली तर वास उग्र होतो आणि कण दाताखाली येतात. जास्त मात्र घालू नका. जायफळाने सुस्ती येते असं आपली जुनी माणसं म्हणतात, आणि तुम्हाला तर मशीनवर उभं राहायचंय.

वरून घालायचं ते सकाळीच घाला. रात्री घातलेलं केळ काळं पडतं, बदाम-शेंगदाणे मऊ पडतात. फक्त बेदाणे रात्री. तासगावचे बेदाणे आमच्या घरचेच म्हणायला हवेत. दहा-बारा दाणे चिरून आत टाकले की रात्रीत फुगतात आणि आपला गोडवा दुधात सोडतात, गूळ तेवढा कमी लागतो. शेंगदाण्याचा जाडसर कूट मोठा चमचाभर वरून, यापरतं कॉफीला दुसरं काही जमत नाही. फळांत केळ आणि चिकू. पिकलेला चिकू तर कॉफीचा सख्खा भाऊ वाटावा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तुमच्या हाताशी आहे, मोह होईल, पण कॉफीत नको, दोन्ही आंबूस चवी एकमेकींना मारतात. ती साध्या दुधाच्या ओट्समध्ये घाला. चिया घालायचं तर रात्री एक छोटा चमचा, दूध दोन चमचे वाढवून. सब्जा म्हणजे चिया नव्हे, तो लगेच फुगतो आणि फालुद्यासारखा बुळबुळीत लागतो. अळीव पौष्टिक खरे, पण त्यांची तिखटसर चव कॉफीत खटकते.

ठेवायचं कुठे याबद्दल मी कडक आहे, आणि त्याला कारण घडलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मध्यरात्री वीज गेली, पहाटे आली. फ्रिज गार लागला म्हणून मी बरण्या पाठवल्या. तीन बरण्या आंबल्या म्हणून परत आल्या, आणि एका मुलीचं पोट दिवसभर बिघडलं. ती बिचारी काही बोलली नाही, मलाच दोन रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवलाय. पाच अंशांच्या आत असेल तरच बरणी जाते. वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली असेल आणि मधे फ्रिज उघडला गेला असेल, किंवा वास जराही वेगळा असेल, तर टाकून द्यायचं, हळहळायचं नाही. दूध तापवलेलंच वापरा. एका वेळी दोन दिवसांच्या बरण्या करून ठेवता येतात, तिसऱ्या दिवशी चव उतरते.

तुमच्या बाबतीत एक खरी अडचण आहे. तुम्ही सहाला निघता. तेव्हाच घरी खाऊन निघत असाल तर काही प्रश्न नाही. पण डबा नेऊन नऊच्या सुट्टीत खाणार असाल तर उन्हाळ्यात तीन तास दूध-दही बाहेर ठेवणं मला मान्य नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये फ्रिज असेल तर तिथे ठेवा, नाहीतर थर्मासच्या जातीचा डबा घ्या आणि तो रात्रभर बर्फाचं पाणी भरून गार करून ठेवा. तेही होत नसेल तर मार्च ते जून घरीच दोन घास जास्त खाऊन निघा. काचेची बरणी बॅगेत नेऊ नका, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा.

पोटाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नवीन लोकांची पहिली तक्रार तीच असते. रोज पोहे-उपीट खाणाऱ्याने एकदम ओट्स आणि त्यात चिया सुरू केलं की गॅस होतो. पहिला आठवडा निम्मी बरणी खा, वर पाणी प्या, मग वाढवा. कॉफीने ज्यांना पित्त होतं त्यांना ती ओट्समध्ये घातली म्हणून होणार नाही असं नाही. त्यांनी कॉफी अर्धी करावी आणि दही घालू नये. कॅफीनचा हिशेब साधा आहे. दीड चमचा इन्स्टंटमध्ये साधारण एक कप कॉफीएवढं येतं, म्हणजे साठ-सत्तर मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं म्हणतात, गरोदर बाईने २०० च्या आत राहावं. तेव्हा बरणी खाऊन वर लगेच दोन कप चहा नको. आणि घरात कोणी रक्तवाढीच्या, लोहाच्या गोळ्या घेत असेल किंवा सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेत असेल, तर त्यांनी ही बरणी गोळीबरोबर खाऊ नये. कॉफीने त्या गोळ्या अंगी कमी लागतात. थायरॉइडच्या गोळीनंतर तासभर तरी थांबावं, लोहाची गोळी सरळ दुसऱ्या वेळेला घ्यावी. नर्सबाईंनी मला हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, म्हणून मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारते.

शेंगदाण्याच्या कुटासकट एका बरणीत साडेतीनशे ते चारशे कॅलरी आणि बारा ते चौदा ग्रॅम प्रथिनं येतात. उभ्याचं काम असलेल्याला नऊ-साडेनऊपर्यंत पुरतं, दुपारपर्यंत नाही. मधल्या सुट्टीला भाकरी-भाजी हवीच.

थंडीचं शेवटी. डिसेंबरात साताऱ्यात पहाटे फ्रिजमधलं खायची इच्छा होत नाही, मलाही होत नाही. गॅसवर गरम करू नका, ओट्स लगेच शिजून लापशी होते आणि दही फाटतं. स्टीलचा डबा असेल तर आंघोळीच्या गरम पाण्यातलं तांब्याभर पातेल्यात घ्या आणि डबा त्यात पाच मिनिटं ठेवा. गारवा मोडतो, चव तीच राहते. काचेची बरणी मात्र अशी ठेवू नका, तडकते.

पहिल्यांदा करायचं ते सुट्टीच्या आदल्या रात्री करा, दोन बरण्यांत. एकीत दीड चमचा कॉफी, दुसरीत एक. सकाळी आईंबरोबर बसून दोन्ही चाखा, आणि कुठली पुढे चालू ठेवायची ते त्यांना ठरवू द्या.